गो चा सेट घेताय? पटापेक्षा खड्यांवर पैसे घाला

आधी मार्क देते, मग पाल्हाळ लावते. टोकियोत गो ह्या पटावरच्या खेळाचा जपानी पद्धतीचा सेट घेतला, टेबलावर ठेवायचा सहा सेंमी जाड लाकडी पट, काचेचे खडे आणि खडे ठेवायला झाकणाचे दोन लाकडी डबे. सगळं मिळून वीस हजार येनच्या आसपास गेले, म्हणजे आपले अकरा-बारा हजार रुपये धरा. पटाला पाचपैकी चार. डब्यांना तीन. खड्यांना दोन, आणि तेही काळे बरे होते म्हणून. खेळाला मी काय मार्क देणार, तो अडीच हजार वर्षं चाललाय, माझ्या स्टारवाचून त्याचं काही अडलेलं नाही.

दुकानाचं नाव विचारू नका, लिहिणार नाहीये. माणसं चांगली होती, बसवून चहा दिला, पट उलटा करून लाकूड दाखवलं, पण घरी आल्यावर पांढरे खडे चार कमी निघाले. फोन केला तर इतकी माफी मागितली की मलाच अवघडल्यासारखं झालं, आणि मग जे चार पाठवले ते वेगळ्याच जाडीचे. डब्यात हात घातला की न बघता सांगता येतं, हा त्यातलाच.

ज्यांना गो माहीतच नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. पटावर १९ उभ्या आणि १९ आडव्या रेषा, म्हणजे ३६१ छेद. खडा घरात नाही, रेषा जिथे एकमेकींना कापतात तिथे ठेवायचा. काळा आधी, मग पांढरा, मग काळा. एकदा ठेवलेला खडा हलत नाही, राजा नाही वजीर नाही, सगळे खडे सारखे. खड्याला चिकटून रेषेवर जितक्या मोकळ्या जागा तितका त्याचा जीव, त्या सगळ्या समोरच्याने भरल्या की खडा उचलला जातो. शेवटी ज्याने जास्त मोकळी जागा स्वतःच्या खड्यांनी कुंपण घालून राखली तो जिंकला. वर अजून एक नियम आहे तो "को" चा, की समोरच्याने आत्ताच एक खडा उचलला तर तो लगेच तसाच परत उचलून आधीचीच पोझिशन करायची नाही, नाहीतर दोघं जन्मभर तेवढंच करत बसतील. झालं. एवढ्यात शिकून होतं आणि त्यानंतर पुढची काही वर्षं माणूस फक्त हरतो.

आमच्या घरात नवरा बुद्धिबळवाला, त्यात दिव्या देशमुख २०२५ मध्ये बुद्धिबळाचा महिला वर्ल्ड कप जिंकल्यापासून तर नागपूरकडच्या सगळ्या नातेवाईकांनी आपापल्या पोरांना क्लास लावलेत, त्यामुळे "हे कशाला आणलंस" हा प्रश्न येणारच होता. त्याचं म्हणणं, मोकळा पट बघून काही सुचतच नाही. बरोबर आहे. बुद्धिबळात पट भरलेला सुरू होतो आणि रिकामा होत जातो, इथे उलटं, आणि पहिल्या पन्नास चालींत तर कोण पुढे आहे हे नवशिक्याला अजिबात कळत नाही. ज्याला झटपट मारामारी लागते त्याने हा सेट घेऊ नये, कपाटावर पडून राहील.

आता पट. पहिली गोष्ट, तो चौरस नाहीये. मी पट्टी लावून बघितला, साडेपंचेचाळीस सेंमी लांब आणि साधारण साडेबेचाळीस रुंद. रेषांमधलं अंतरही तसंच, एका दिशेने २२ मिमी आणि दुसऱ्या दिशेने २३.७. कारण साधं आहे, आपण पटाकडे वरून बघत नाही, एका बाजूला बसून तिरकं बघतो, त्यामुळे लांबची बाजू दबलेली दिसते, म्हणून पट मुळातच थोडा ताणलेला करतात म्हणजे बसलेल्याला तो चौरस वाटतो. खड्यांमध्येही असंच. काळा खडा २२.२ मिमी आणि पांढरा २१.९, कारण पांढरी वस्तू डोळ्याला मोठी दिसते. दोन्ही एकाच मापाचे केले तर पांढरा जिंकतोय असं वाटत राहील. आणि बघा, काळा खडा २२ पेक्षा किंचित मोठा, म्हणजे एका ओळीत शेजारी शेजारी ठेवले की ते एकमेकांना रेटतात, ओळ जराशी वाकडी होते. कॉम्प्युटरवरच्या स्वच्छ पटाची सवय असेल तर हे आधी खटकतं, मग त्याशिवाय चैन पडत नाही.

लाकडाबद्दल एक सावधान. लेबलवर "शिन-काया" लिहिलेलं असतं आणि विकणारा घाईत नुसतं "काया" म्हणून टाकतो. काया हे खरं गो चं लाकूड, सर्वात नावाजलेलं क्यूशू बेटावरच्या मियाझाकीचं, झाड अतिशय सावकाश वाढतं, पटासाठी शेकडो वर्षांचं खोड लागतं, कापल्यावर ते वर्षानुवर्षं नुसतं वाळत ठेवायचं. पिवळसर सोनेरी रंग, गोडसर वास, आणि लाकडाला थोडी लवचीकता असते त्यामुळे खडा आपटून हाताला त्रास होत नाही. चांगल्या, पायवाल्या, जमिनीवर ठेवायच्या काया पटाची किंमत लाखो येनमध्ये जाते. शिन-काया म्हणजे त्याच्यासारखं दिसणारं स्प्रूसचं लाकूड, बहुतेक अलास्काचं. माझा पट तोच आहे. वाईट नाहीये! वजन पाच किलोच्या आसपास, टेबलावर ठेवला की हलत नाही, आवाज छान येतो, रंग डोळ्याला शांत. फक्त मऊ आहे, वर्षभरात मधल्या भागात बारीक खळगे दिसायला लागले, तिरका उजेड पडला की दिसतात. आणि रेषा छापलेल्या आहेत. जुन्या पद्धतीत तलवारीच्या पात्याच्या धारेला लाख लावून ते पातं पटावर टेकवून एकेक रेष उमटवतात, त्या रेषेला हाताला जाणवेल असा उठाव असतो. एका दुकानात तसा पट होता, बोट फिरवून बघू दिलं आणि मग किंमत सांगितली. बोट काढून घेतलं.

पायवाल्या पटाखाली मधोमध एक चौकोनी खोलगट खाच असते. तिची गंमत अशी सांगतात की डाव चालू असताना बाहेरून चाल सुचवणाऱ्याचं डोकं उडवून तिथे ठेवायचं. खरं म्हणाल तर लाकूड तडकू नये आणि आवाज घुमावा म्हणून ती खाच, पण कॅरमच्या भोवती उभं राहून "अरे कट मार कट" ओरडणाऱ्या आपल्या लोकांसाठी ही गोष्ट जपून ठेवण्यासारखी आहे. पाय असतात ते गार्डेनियाच्या फळाच्या आकाराचे, जपानीत कुचिनाशी, त्यात "तोंड नाही" असा श्लेष निघतो. म्हणजे परत तेच, गप्प बसा.

पटाचा विषय निघालाच आहे तर नाराला जाणाऱ्यांनी एक करा. तोदाइजी मंदिराच्या आवारात शोसोइन म्हणून भांडार आहे, आठव्या शतकातल्या सम्राट शोमूच्या वस्तू तिथे ठेवलेल्या, त्यात त्याचा गो चा पट आहे. रक्तचंदनी लाकडावर जडावाचं काम, बाजूला प्राण्यांची चित्रं, आणि खडे ठेवायला आत दोन खण, त्यात कासवाच्या आकाराचे ट्रे. एका बाजूचा खण ओढला की समोरच्याचाही आपोआप बाहेर येतो. सोबतचे खडे हस्तिदंताचे, लाल आणि निळे, त्यावर कोरलेले पक्षी. शोसोइनच्या निवडक वस्तू दर शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात मांडतात, पण दरवर्षी वेगळ्या, त्यामुळे पट त्या वर्षी आहे का ते आधी बघून मग तिकीट काढा. बाराशे वर्षांपूर्वी हा खेळ चीनमधून येऊन जपानी दरबारात इतका मुरला होता हे त्या खणांवरून कळतं, त्यासाठी कुठली पाटी वाचायला नको. चीनमध्ये तर वीणेसारखं वाद्य, सुलेखन, चित्रकला आणि हा खेळ, शिकल्यासवरल्या माणसाला चारही यायला हवेत अशी रीत होती.

आता खडे, जिथे माझे पैसे वाया गेले. काचेचे खडे दिसायला चकचकीत, फोटोत तर शिंपल्याच्या खड्यांसारखेच दिसतात. हातात घेतल्यावर फरक कळतो. थंडगार, गुळगुळीत, निसटते. गो चा खडा चिमटीत धरायचा नसतो, तर्जनीचं नख खाली, मधल्या बोटाचं टोक वर, आणि तसाच नेऊन पटावर टेकवायचा, शेवटच्या क्षणी तर्जनी काढून घ्यायची म्हणजे मधल्या बोटाने खडा लाकडावर दाबला जातो. नीट जमलं तर "पाची" असा कोरडा आवाज येतो, जपानी लोक त्याला हाच शब्द वापरतात. काचेने तो येत नाही. काचेने "खट्" येतो आणि खडा जागेवर थोडा घसरतो, आणि मग आपण बोटाने सरळ करत बसतो, आणि समोरचे आजोबा बघत बसतात.

मी नंतर पांढरे आणि काळे दोन्ही बदलले. देवळाच्या आवारात जुन्या सामानाचा बाजार भरतो तिथे एका म्हाताऱ्या जोडप्याकडे जुने शिंपल्याचे खडे मिळाले, पिवळट पडलेले, डब्याच्या तळाला धूळ. घरी आणून साध्या पाण्यात हळूच धुतले, एकेक पुसून टॉवेलवर मांडले. दिव्याखाली तिरका धरला की खड्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा दिसतात, शिंपल्याच्या वाढीच्या. ह्या रेषा जितक्या बारीक, सरळ आणि कडेपर्यंत गेलेल्या तितकी वरची प्रत, तिला "बर्फ" म्हणतात, त्याखालची "चंद्र", आणि बाकीची "रोजची". माझे बहुतेक रोजचेच आहेत, दोन-चार चंद्र त्यात चुकून आलेले. काळे नाचीचे, म्हणजे कुमानोकडच्या काळ्या स्लेट दगडाचे, मऊ मॅट काळे, उजेडात चमकत नाहीत. तेल लागलं की अजून काळे होतात, बोटांचं तेल पुरतं.

शिंपल्याचं सांगायचं तर मियाझाकीतल्याच ह्यूगाच्या किनाऱ्यावर जाड हामागुरी शिंपल्या सापडायच्या, त्यापासून गो चे खडे करायचा धंदा तिथे उभा राहिला. एका शिंपल्यातून जाड खडे एक किंवा दोनच निघतात. झालं काय, इतक्या काढल्या की मोठ्या शिंपल्या संपल्या. आज ह्यूगात कारागीर तेच, कसब तेच, पण कच्चा माल मेक्सिकोहून येतो. म्हणजे जपानी खेळाचा सर्वात जपानी वाटणारा भाग मेक्सिकोच्या समुद्रातला. विकणारे सरळ सांगतात, त्यात लपवाछपवी नाही, खरे ह्यूगाचे असतील तर तसं लिहून किंमत कितीतरी पटीने लावतात. कोणी स्वस्तात "अस्सल ह्यूगा" देत असेल तर नमस्कार करून निघा.

चिनी युन्झी पण एकदा हाताळलेत, युन्नानचे, खनिजांची पूड वितळवून थेंब पाडून केलेले, पारंपरिक प्रकारात एक बाजू सपाट. काळा खडा उजेडासमोर धरला की कडेने हिरवा दिसतो, फार सुंदर. आवाज मात्र दबका. पैशाच्या मानाने मला विचाराल तर काचेपेक्षा हे शंभर पटीने बरे, आणि भारतात मागवायला शिंपल्यापेक्षा सोपे.

डबे. लेथवर कातलेले, झाकण बसतं, वास नाही. एवढंच. भारीतले तुतीच्या लाकडाचे असतात. झाकणाचा उपयोग मात्र लक्षात ठेवा, समोरच्याचे पकडलेले खडे आपल्या उलट्या करून ठेवलेल्या झाकणात ठेवायचे असतात, कारण जपानी पद्धतीत शेवटी ते त्याच्याच जागेत भरून त्याचे मार्क कमी करतात. झाकण उथळ असेल तर खडे घरंगळतात, माझं तसं आहे, म्हणून तीन मार्क. अजून एक, विचार करताना डब्यात हात घालून खडे खळखळ वाजवायची सवय लागते, ते इथे भयंकर असभ्य समजतात. आधी चाल ठरवा, मग खडा उचला.

खेळायचं कोणाशी हा खरा प्रश्न. टोकियोत अजून गोकाईशो टिकून आहेत, म्हणजे दिवसाची फी भरून कुणाशीही खेळायची जागा. जास्त करून निवृत्त मंडळी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मालकांनी लेव्हल विचारली आणि एका ऐंशीच्या घरातल्या आजोबांसमोर बसवलं, पटावर माझे नऊ काळे खडे आधीच मांडून. हे मला ह्या खेळाचं सर्वात आवडलेलं अंग. पटावर नऊ ठिपके असतात, जो कमजोर त्याला दोनपासून नऊपर्यंत खडे आधी ठेवायला देतात, आणि मग ताकदीने कितीही वेगळी असलेली दोन माणसं खरीखुरी चुरशीची लढत खेळू शकतात. बुद्धिबळात वजीर काढून खेळलं तर खेळच बदलतो, इथे बदलत नाही. सुरुवातीला दोघं वाकून "ओनेगाई शिमासु" म्हणतात, संपल्यावर आभार, आणि मग आजोबा सगळा डाव पहिल्यापासून परत मांडून दाखवतात, इथे तू हे केलंस, इथे मी घाबरलो होतो. दीडशे चाली डोक्यातून.

सासरे पुण्याहून आले होते तेव्हा त्यांना १३ रेषांच्या पटावर बसवलं. पहिली वीस मिनिटं "अगं, ह्यात मारामारी कुठाय?" मग त्यांचे कोपऱ्यातले सात-आठ खडे हळूहळू बंद झाले. "अगं, हा तर पन्हाळ्याचा वेढा झाला."

"बाबा, एकच वाट राहिलीय बघा."

"दिसतीये. पण तिथे बाजीप्रभू कोणाला करू?"

त्यांनी खरंच दोन खडे बळी देऊन बाकीचे बाहेर काढले. गो मध्ये ह्या अशा खडे सोडून देण्याला फार मान आहे, आणि नवशिक्याला तेच सर्वात जड जातं, कारण आपल्याला सगळंच वाचवायचं असतं.

वारशाबद्दल लिहायचं तर घराण्यांपासून सुरू करावं लागेल. आपल्याकडे गाण्याची घराणी तशी तिथे गो ची चार घराणी होती, होनिन्बो, इनोउए, यासुई आणि हायाशी. १६१२ मध्ये तोकुगावा शोगुनांच्या, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्यांच्या, सरकारने वरच्या खेळाडूंना मानधन बांधून दिलं, त्यात पहिला मान होनिन्बो सान्साचा, तो क्योतोच्या जाक्कोजी मंदिरातला भिक्षू. दरवर्षी शोगुनच्या वाड्यात त्यांचे डाव व्हायचे. शिष्य घरात राहून शिकणार, त्यातला सर्वात चांगला वारस म्हणून दत्तक जाणार. अडीचशे वर्षं सरकारी पैशावर काही माणसं फक्त ह्या पटावर डोकं लावत बसली, म्हणून जपानमध्ये हा खेळ इतका खोल गेला. १८६८ नंतर, मेइजी काळात, मानधन बंद, घराण्यांचे हाल. १९२४ मध्ये निहोन कीइन ही संस्था निघाली, आज तिचं ऑफिस टोकियोत इचिगायाला आहे. आणि मग होनिन्बो घराण्याचे शेवटचे प्रमुख शूसाई ह्यांनी काय केलं, तर नाव वारसाला न देता संस्थेला देऊन टाकलं, जो स्पर्धा जिंकेल तो होनिन्बो. घराण्याची गादी अशी खुल्या स्पर्धेला लावलेली मी तरी दुसरीकडे ऐकलेली नाही. शूसाईंचा निवृत्तीचा डाव १९३८ चा, किताणी मिनोरू ह्यांच्याशी, जूनमध्ये सुरू झाला आणि डिसेंबरात संपला, मध्ये आजारपण. एक डाव! शूसाई पाच गुणांनी हरले.

आणि हिरोशिमाचा डाव. ह्याच होनिन्बो किताबाची तिसरी लढत, १९४५. हाशिमोतो उतारो आणि इवामोतो काओरू. पहिला डाव शहरात झाला, धोका आहे म्हणून दुसरा शहराबाहेर इत्सुकाइचीला हलवला. त्या डावाचा तिसरा दिवस म्हणजे ६ ऑगस्ट. सकाळी आदल्या दिवशीची मांडणी पटावर लावून खेळ सुरू झाला आणि बाँब पडला. काचा फुटल्या, खडे विखुरले, माणसं हादरली. मग त्यांनी खोली आवरली, खडे परत जागेवर लावले आणि त्याच दिवशी डाव पूर्ण केला. हाशिमोतो पांढऱ्याने पाच गुणांनी जिंकले. त्या क्षणी शहरात नेमकं काय झालंय हे त्यांना माहीत नव्हतं हे धरूनही मला हा डाव बघताना कसंतरीच होतं, त्याला शौर्य म्हणावं की काय म्हणावं. लढत बरोबरीत सुटली आणि पुढच्या वर्षी निकाल इवामोतोंच्या बाजूने लागला. ते नंतर आयुष्यभर परदेशात गो पोचवत राहिले, स्वतःच्या पैशातून साओ पाउलो, आम्स्टरडॅम, न्यूयॉर्क, सिएटल इथल्या केंद्रांना मदत केली.

एआयचं सगळ्यांना माहितीये, थोडक्यात उरकते. मार्च २०१६, सोल, अल्फागो ह्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमने कोरियाच्या ली सेडॉलला ४-१ हरवलं. दुसऱ्या डावातली ३७ वी चाल बघून समालोचकांना वाटलं काहीतरी गडबड झाली, आणि चौथ्या डावात ली ची ७८ वी चाल मशीनला झेपली नाही. ली २०१९ मध्ये निवृत्त झाला. पण मला रोजच्या खेळात जाणवतं ते वेगळंच. कोपऱ्यात अगदी सुरुवातीला ३-३ वर, म्हणजे दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषांच्या छेदावर घुसणं, हे आधी गावंढळ समजायचे, शिक्षक कान पिळायचे. मशीन ते बिनधास्त करतं म्हणून आता शाळकरी पोरंही करतात, आणि गोकाईशोतले आजोबा पोराकडे बघून मोठ्याने उसासा टाकतात, आणि मग हरतात.

आता कोणी काय घ्यावं. नुसतं शिकायचं असेल तर काहीच घेऊ नका, फोनवर ९ बाय ९ पटावर फुकट खेळा, नियम अंगात मुरू द्या. मुलांसाठी ९ किंवा १३ रेषांचा साधा पट पुरे, डाव लवकर संपतो, रडारड कमी. भारतात ऑनलाइन मिळणारे घडीचे मॅग्नेटिक सेट प्रवासाला ठीक आहेत, पण घडी मधल्या रेषेवर येते आणि तिथला खडा कायम डुगडुगतो, घेण्याआधी फोटोत बघा. लाकडी पट घेणार असाल तर दोन सेंमीचा पातळ पण चालतो, आवाज जरा पोकळ येईल इतकंच, जाड पटाचे वाचलेले पैसे खड्यांकडे वळवा. युन्झी किंवा जुने शिंपल्याचे. शिंपल्याचे नऊ मिमीच्या आसपास जाड असले की हाताला बरे वाटतात, त्याहून जाड खडे दिसायला रुबाबदार पण किंमत उड्या मारत जाते आणि नवशिक्याच्या हातून ते डोलत राहतात.

पुण्या-मुंबईकडे लाकडी पट नेणार असाल तर एसीच्या झोताखाली आणि खिडकीतल्या उन्हात ठेवू नका, पावसाळ्यात भिंतीला टेकवून तर अजिबात नको, वाकतो. ओल्या फडक्याने पुसायचा नाही, कोरडं मऊ कापड बास. शिंपल्याचे खडे व्हिनेगर, लिंबू असल्या आंबट पदार्थांपासून लांब, चरे पडतात. आणि विमानात नेताना पट चेक-इनमध्ये, खडे हँडबॅगेत, दोन-अडीच किलो भरतात, सिक्युरिटीवाले पिशवी उघडून बघतातच, तेव्हा डब्यांची झाकणं टेपने चिकटवून ठेवा.